वीतभर खोल तार

"उद्या सकाळी दहाला माझा परवाना रद्द होणार आहे," असं म्हणत ती बाई आत आली आणि खुर्चीवर बसण्याऐवजी खुर्चीभोवती फिरू लागली.

ती वायरमन होती. दोन वर्षांपूर्वी तिने एका बंगल्याच्या बागेतून पंपापर्यंत विजेची तार पुरली होती. काल माळ्याने रोप लावायला तिथे पहार मारली, ती थेट तारेत गेली. स्विच लगेच पडला म्हणून माळी वाचला. उजवा तळवा मात्र भाजला. तार निघाली जेमतेम वीतभर खोल.

"मी दीड हात खोल पुरली होती, वहिनी! वाळूत तार, वर विटांची रांग, त्यावर माती आणि मातीत पिवळी पट्टी. खणणाऱ्याला आधी पट्टी दिसावी म्हणून. आता पट्टीही नाही, विटाही नाहीत. म्हणतात, मी टाकल्याच नव्हत्या."

वहिनी खासगी तपास करायच्या. सोबत त्यांचे दीर, भाऊजी. भाऊजी स्कूटर चालवत आणि निष्कर्ष काढत. त्यातलं पहिलं त्यांना जमत असे.

आधी दोघं हॉस्पिटलात गेले. माळ्याचा हात बोळ्यासारखा गुंडाळला होता.

"पहार कशी गेली?" वहिनींनी विचारलं.

"लोण्यात गेल्यासारखी. म्हटलं, माती झकास आहे."

"जागा कोणी दाखवली?"

"सूनबाईंनी. सासरे शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी एकदा तोंड उघडलं, सूनबाईंकडे बघितलं, मिटलं. जांभई असेल."

बंगल्यावर कोणी गवतावर पाय ठेवत नव्हतं. सूनबाई उंबऱ्यावरूनच बोलत होत्या, सारख्या या पायावरून त्या पायावर होत. भाऊजी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आले होते आणि तरीही टाचा वर करून चालत होते.

"चूक त्या वायरमनचीच," सूनबाई म्हणाल्या. "दोन वर्षांत इथे कोणी कुदळ लावलेली नाही. बाबांना तर मनाईच आहे. मागे त्यांनी बाथरूमचं दार उलटं बसवलं, दोन पाहुणे आत अडकले. पुन्हा हातात हत्यार दिसलं तर धाकट्या दिरांकडे पाठवायचं, हे ठरलंय."

"तुम्ही घर सोडून कुठे गेला होतात का?"

"गेल्या महिन्यात. आम्ही दोघं नवराबायको पंधरा दिवस माझ्या आईकडे. पण बागेचं बरंच चाललंय हो. पूर्वी पाणी उतारावरून दारात यायचं, ते आपोआप थांबलं."

भाऊजी बूट धुवायला बागेतल्या नळाशी वाकायला गेले, तर वाकावं लागलंच नाही. नळ छातीशी आला. पाइप हिरवा रंगवलेला होता, खालचा हातभर सोडून. तेवढा गंजका.

सासरे कोपऱ्यातल्या उंच कट्ट्यावर बसले होते. पेपर उलटा होता.

"कट्टा मजबूत दिसतोय. कोणी बांधला?" वहिनींनी विचारलं.

"गवंड्याने."

"कुठल्या?"

"रस्त्याने चालला होता."

कट्ट्याशेजारी टोमॅटोची बारा रोपं काठ्यांना कोऱ्या पिवळ्या पट्ट्यांनी बांधली होती. वहिनींनी एक पट्टी सोडली, उलटून पाहिली, पुन्हा बांधली. मग दुसरी. मग बाराही.

"वहिनी, मला कळलं!" भाऊजी कुजबुजले. "तार स्वतःच वर आली. झाडं येतात की नाही?"

"भाऊजी, सगळ्यांना बोलवा."

फाटकाबाहेर थांबलेली वायरमन, सूनबाई, सासरे कट्ट्यापाशी जमले.

"भाऊजी अर्धे बरोबर आहेत," वहिनी म्हणाल्या. भाऊजींना भरून आलं. "तार वर आली नाही, जमीन खाली गेली. नळ रंगवला तेव्हा माती रंगाच्या कडेपर्यंत होती. उताराची हातभर माती कोणीतरी काढली, म्हणून दारात येणारं पाणी थांबलं. दोन वर्षं न हललेल्या मातीत पहार लोण्यासारखी जात नाही. ती नुकतीच उकरली होती. काढलेली माती या कट्ट्याच्या पोटात आहे. विटाही इथेच आहेत."

"आणि पट्टी?" वायरमनने विचारलं.

"टोमॅटोला आहे. आतल्या बाजूने छापलंय, 'सावधान, खाली वीज.' एखादं अक्षर तरी चुकून बाहेर दिसायला हवं होतं. बाराच्या बारा पट्ट्या आत वळल्यात. बांधणाऱ्याने ती वाचली होती आणि कोणी वाचू नये अशी त्याची इच्छा होती. हे पंधरा दिवस रिकाम्या घरात करायची फुरसत एकालाच होती. काल माळ्याला जांभई दिसली, पण ती हाक होती. घशातच राहिली."

सासरे कट्ट्यावरून उतरले.

"पाणी घरात येतं म्हणून उतार काढला," ते म्हणाले. "पट्टी दिसली. म्हटलं, आपण जपून खणू. जपूनच खणलं. काल सांगणार होतो, पण ही समोर होती. धाकट्याच्या घरी मला बसायलाही जागा नाही."

"एक शब्द, बाबा," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला. "एक शब्द बोलायचा होता. मी ओरडले असते, एवढंच ना?"

वायरमनने खिशातून नोटीस काढून सासऱ्यांपुढे धरली.

"उद्या दहाला सुनावणी आहे. हेच सगळं सांगाल?"

"सांगेन. लिहून देतो." त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली. "पण ते उद्या. त्या माणसाला आज सांगायला हवं. त्याची बोटं सरळ होतील का हो?"

"ते मला नाही माहीत," वायरमन म्हणाली. "चला, दाखवते कुठे आहे."

म्हातारा तसाच गवतावरून, फाटकातून बाहेर पडला. सूनबाई त्याच्या चपला हातात घेऊन मागे धावल्या.