हिरवा ठिपका

गेल्या वर्षीची बावीस ऑगस्ट, रात्रीचे साडेअकरा. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कंपनीचं कार्यालय. आत माणूस एकच, तिथंच कामाला असलेला माझा भाचा रोहन. काम किरकोळ होतं. पडद्यावरचा एक हिरवा ठिपका विझवायचा.

"सर, भुताला रेंज लागते का?" वर्गात प्रियंकानं मला मधेच विचारलं. बाकीची पोरं हसली.

हसा. बातमीदारी शिकायला आलात ना? मग आधी ऐका.

कृष्णाकाठच्या पाणी योजनांवर पहारेकरी असतात. त्यांच्या कमरेला या कंपनीचं यंत्र. त्याला एकच बटण, दाबलं की 'मदत'. यंत्र चालू तोवर कार्यालयात त्या माणसाच्या नावाचा ठिपका हिरवा. रीतसर बंद केलं की यंत्र 'निघालो' असा निरोप धाडतं, ठिपका लाल होतो. आणि यंत्र बुडालं तर? निरोप कोण धाडणार? सर्व्हर आपला वाट बघत बसतो. समोरचा निघालो म्हणाला नाही, म्हणजे आहे! म्हणून अधूनमधून 'आहेस का?' असं विचारावं लागतं. ते विचारणं कंपनीनं काढून टाकलं होतं. का, तर बॅटरी लवकर उतरते.

त्याच महिन्यात कृष्णेला पूर आला, त्या रात्री पहारेकरी कोंडीबा फोन उचलेना. योजनेचा कारभार बघणाऱ्या लालासाहेब आबांनी रोहनला विचारलं, "होडी धाडू का रं?"

रोहननं पडदा बघितला. "हिरवा आहे आबा. काळजी नको."

होडी गेली नाही. पाणी उतरल्यावर कोंडीबा बाभळीत अडकलेला सापडला. ठिपका हिरवाच.

दहाव्याला कावळा शिवेना. माणसं घाटावर उन्हात ताटकळली. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. त्याच संध्याकाळी कोंडीबाच्या बायकोचा, हरणाबाईचा, रोहनला फोन आला. आवाजात रडू नाही, राग नाही.

"आवं साहेब, तुमच्या यंत्रात त्यो अजून हाय म्हनं. तेवढं मिटवा. सुटू द्या त्येला."

म्हणून रोहन कार्यालयात गेला होता. जोडणी सरळ तोडता आली असती. पण त्याला वाटलं, त्या रात्री विचारलं नाही, ते निदान आता विचारावं. त्यानं टाइप केलं.

आहेस का?

उत्तर येणार नव्हतं. थोडा वेळ वाट बघून सर्व्हर स्वतःच जोडणी सोडणार. ठिपका लाल होणार. रोहनला हे पाठ होतं.

तो बसून राहिला.

पंखा फिरत होता.

ठिपका हिरवा.

मग एक ओळ आली.

मदत.

रोहननं हरणाबाईला फोन लावला.

"बाई, ते यंत्र कुठंय?"

"पेटीत. पोलिसांनी दिलं तवाच ठिवलंय. का वं?"

"जरा... उघडून बघता?"

कडी वाजली. झाकण वाजलं. मग काहीच नाही.

"बाई?"

...

"बाई, आहात का?"

"बटन आत गेलंय, साहेब. आनि पेटीत पानी हाय."

सकाळी मी स्वतः हरणाबाईकडे गेलो. घर गावाबाहेर, उंचावर. पुराचं पाणी तिथवर आलंच नव्हतं. पत्रा कुठं गळत नव्हता. यंत्रातली बॅटरी पोलिसांनी ठेवून घेतली होती, तिच्या जागी गाळ. बटण नखानं उचकटून पाहिलं. वर येईना.

कंपनी म्हणाली, तांत्रिक बिघाड. लालासाहेब म्हणाले, मी पोराच्या शब्दावर थांबलो. रोहननं नोकरी सोडली. ठिपका विझवायला तिथं आता कुणी हात लावत नाही.

मी सगळ्यांना एकच विचारलं. कोंडीबानं मदत मागितलीय. कोण गेलं?

अजून कुणी सांगितलेलं नाही.