उंबऱ्यावरचे दोन ठोके

साहेब, तुम्ही माझ्या माणसाची चाल चोरली आहे.

आवाज चढला म्हणून दचकू नका. तक्रारीच्या टेबलावर बसून मी दिवसभर लोकांचे चढलेले आवाज ऐकते, आज तुम्ही माझा ऐका.

आपली कंपनी लिफ्ट बसवते आणि दुरुस्त करते. वर आम्ही फोनवाल्या, खाली तळघरात मेकॅनिक. लिफ्ट अडकली की लोक आम्हाला शिव्या घालतात आणि आम्ही त्या जशाच्या तशा खाली पोचवतो. विळ्या-भोपळ्याचं सख्य! ते मिटवायला तुम्ही काय केलंत? माणसं वाढवलीत? छे! व्हिडिओ गेम आणलात. दर शुक्रवारी जेवणं झाली की आपापल्या स्क्रीनसमोर बसायचं आणि एका ओसाड, अंधाऱ्या इमारतीत जोडीजोडीनं फिरायचं. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या हातात किल्ल्या. बोलायचं नाही, फक्त टाइप करायचं. कारण पहिल्या दिवशी माइक चालू ठेवले होते, तर एकोपा राहिला बाजूला आणि एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझ्या वाट्याला जो मेकॅनिक आला, त्याला मी फक्त आवाजानं ओळखत होते. कितीही मोठी तक्रार सांगा, पठ्ठ्या एकच शब्द बोलायचा, ‘निघालो.’

गेममध्ये मात्र तो निघतच नव्हता. प्रत्येक दाराशी त्याची आकृती थांबायची. उजव्या पायाच्या चवड्यानं उंबऱ्यावर दोनदा टोकरायची. ठक... ठक. खाली बघायची, मग आत. बाकीच्या जोड्या धावत पुढे, आणि आम्ही सगळ्यात मागे!

मी वैतागून टाइप केलं, ‘अहो, वरात नाहीये ही. चला की!’

‘दार उघडलं म्हणजे पुढे जमीन असतेच असं नाही, तक्रारबाई.’

‘गेम आहे हा! पडलात तरी मरणार नाही.’

खाली अक्षरं उमटली, ‘ते पायाला कुठे कळतं?’

काही दिवसांनी तो कसलीशी सही घ्यायला वर आला. आमच्या खोलीच्या दारात एक बूट थांबला. ठक, ठक. मी मान वर न करताच ओळखलं.

“फरशी जागेवरच आहे हो. या आत.”

तो लाजून हसला. “तुमच्या शब्दावर कोण विसंबणार? सकाळी फोनवर केवढ्या ओरडलात!”

“गिऱ्हाईक ओरडलं. मी फक्त पोचवलं.”

“पदरचा मीठमसाला घालून.”

जाता जाता त्यानं सांगितलं. काम त्याला मामानं शिकवलं. एकदा मामा गप्पा मारत मारत लिफ्टच्या उघड्या दारातून आत गेला. आत लिफ्टचा डबाच नव्हता, नुसती खोल पोकळी. “तेव्हापासून मन म्हणतं जा, पाय म्हणतो थांब,” तो म्हणाला, जणू पाणी मागतोय इतक्या साधेपणानं. त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये शिरताना मी आधी खाली बघितलं.

मग मी शुक्रवारची वाट बघू लागले. मी! जी या गेमला भर मिटिंगमध्ये पोरखेळ म्हणाली होती, ती.

‘कंदील जरा वर धरा.’

‘का? उंबरा दिसत नाही?’

‘उंबरा दिसतोय... तुम्ही दिसत नाही.’

स्क्रीनवरच्या ओल्या भिंतींतून पाणी ठिबकत होतं. माझे कान मात्र तापले होते.

आणि नेमकं तेव्हाच तुम्ही त्याला दूरच्या शहरात, एका अर्धवट बांधलेल्या उंच इमारतीच्या कामावर धाडलंत. जाताना तो जिन्यात भेटला.

“मग शुक्रवारी?” मी विचारलं.

“तिथे कसला गेम! तिथे धड भिंती नाहीत अजून.”

“आणि मी कुणाबरोबर फिरू?”

“कुणाहीबरोबर फिरा... फक्त कंदील खाली ठेवू नका.”

शब्द ओठांवर आले होते. गिळले. मूर्खपणा केला.

शुक्रवारी गेम उघडला, तर तो समोर उभा! उंबऱ्यावर चवडा. ठक... ठक.

‘तुम्ही? कसे काय?’

‘आलो. कंदील वर धरा.’

जे जिन्यात गिळलं ते इथे एका दमात टाइप केलं, ‘मला तुम्ही आवडता. लग्न कराल माझ्याशी?’

पापणी लवायच्या आत उत्तर आलं, ‘हो.’

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

“नमस्कार, तक्रार विभाग.”

“तक्रार नोंदवायची आहे,” त्याचा आवाज! मागे वारा घोंघावत होता, लोखंडावर घण पडत होता. “आज शुक्रवार, आणि आमच्याशिवाय खेळ चाललाय म्हणे.”

मी स्क्रीनकडे बघितलं. तो उभाच होता. ठक... ठक.

“तक्रारबाई? ऐकताय ना?”

“तुमच्या... तुमच्या हातात काय आहे आत्ता?”

“एका हातात पाना, दुसऱ्यात फोन. का हो?”

स्क्रीनवरची आकृती सावकाश वळली. चेहरा माझ्या कंदिलाच्या उजेडात आणला. खाली अक्षरं उमटली, ‘फोनवर कोण आहे?’

मी खुर्चीसकट मागे सरकले. शेजारच्या टेबलावर तुमची एचआरवाली बसली होती. ती हसून म्हणाली, “अगं, ती त्यांची सावली! माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी खेळते. त्याच्या चालीवरून शिकते. टीमचा स्कोअर पडायला नको ना! गोड आहे की नाही?”

गोड! माझ्या जन्माचा प्रश्न मी एका भुताला विचारून बसले, आणि म्हणे गोड.

रागानं रडत मी फोनवर त्याला सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे...” तो म्हणाला, “मला मागणी आली, आणि मीच हजर नव्हतो?”

“चेष्टा नको! तो ‘हो’ म्हणाला.”

“मग त्याच्याशीच करा.”

“अहो!”

“माझं उत्तर फोनवर मिळणार नाही.”

“मग कसं?”

“निघालो.”

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा वीज गेली होती. सगळे स्क्रीन काळे. बाकीचे उकाड्यानं बाहेर पळाले होते, खोलीत मी एकटीच होते. जिन्यावर पावलं वाजली. मी दाराकडे, त्याच्या बुटाकडे बघत होते... आता थांबेल, आता टोकरेल.

तो थांबलाच नाही. मान वर ठेवून सरळ आत आला, थेट माझ्या टेबलाशी. बुटांवर सिमेंट तसंच होतं.

“अहो, उंबरा—”

“बघितला नाही. आत तुम्ही होतात ना,” तो वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाला.

“आणि उत्तर?”

“हे काय मग दुसरं!” असं म्हणून त्यानं हात पुढे केला. खरबरीत, ग्रीसचा वास असलेला, गरम हात. तेव्हा मला पटलं, हा माझाच. चाल कुणी चोरेल, पण ती मोडायची धमक कुठून चोरणार?

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मी तुमच्या तोंडी लागले नसते, साहेब.

परवा, शुक्रवारी, ती सावली बंद करून टाकायची म्हणून मी गेम उघडला. तो माझ्या शेजारी बसला होता, त्याचा हात माझ्या हातात होता. समोर अंधारी इमारत. दार आलं. सावली आली.

थांबली नाही. टोकरली नाही. मान वर ठेवून सरळ आत आली, थेट माझ्या कंदिलाशी. खाली अक्षरं उमटली, ‘बघितला नाही. आत तुम्ही होतात ना.’

माझ्या हातातला त्याचा हात गार पडला.

तुमची एचआरवाली म्हणते, सावली फक्त गेममधल्या चालीवरून शिकते. ठीक आहे. मग ऐका. त्या दिवसानंतर त्यानं गेमला हात लावलेला नाही. तशी चाल तो जन्मात एकदाच चालला, वीज गेलेल्या खोलीत, माझ्यासाठी. ते वाक्यही तो एकदाच बोलला, हळू आवाजात, माझ्या कानाशी.

आमचं लग्न ठरलंय. उद्या घराच्या उंबऱ्यावर आम्ही दोघंच असणार का, एवढं मला कळलं पाहिजे.

त्या खोलीत तिसरं कोण होतं, साहेब? उत्तर द्या.