एक हजार चारशे तेरावी ओळ

भाऊजींचा आवाज गेला तो एका मंगळवारी, सकाळच्या चहानंतर.

त्यांच्या गळ्यातला आवाज तर चार वर्षांपूर्वीच गेला होता. आधी बोटं गेली, मग हात, मग जीभ. हलते राहिले ते फक्त डोळे. पण भाऊजी पडले भूगोलाचे मास्तर, गप्प बसणं त्यांच्या पिंडातच नव्हतं. म्हणून पलंगासमोर एक संगणक मांडला होता. त्यावरचा छोटा कॅमेरा त्यांच्या डोळ्यांकडे बघायचा, डोळे पडद्यावरच्या एकेका अक्षरावर थांबायचे, आणि वर्गातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून बनवलेला त्यांचाच आवाज स्पीकरमधून बोलायचा. त्या मंगळवारी संगणकाने आपणहून स्वतःला अपडेट करून घेतलं, आणि बोलणारा प्रोग्रॅम उघडेनासा झाला.

"बनवणारी कंपनीच बंद पडलीय म्हणे," रोज येणारी परिचारिका फोन ठेवत म्हणाली. "नवी यंत्रणा यायला तीन महिने लागतील. वहिनी, तीन महिने हे न बोलता कसे राहतील हो?"

भाऊजी नुसते छताकडे बघत होते. वहिनींना ते बघवेना.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भाऊजी अकरा वर्षांचे होते. एवढ्याशा पोराला त्या गमतीने अहो-जाहो करायच्या. "भाऊजी, आधी नाक पुसा." भाऊजी मात्र त्यांना बेधडक अगं-तुगं करायचे. ती सवय साठ वर्षं टिकली. आता घरात दोघंच उरली होती. भाऊजींचं ऐकून शेजारीपाजारी, परिचारिका, दूध टाकणारा, सगळे त्यांना वहिनीच म्हणत.

वहिनींनी पाणीपुरवठा खात्याच्या संगणक विभागात तेहतीस वर्षं काढली होती, पंचकार्डांच्या काळापासून. तिथला नेम साधा होता. यंत्रात किती कार्डं गेली, किती बाहेर आली, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. जुळले तर सही. एकाचाही फरक पडला तर सगळं पहिल्यापासून. तरुण सहकारी त्यांना मोजणीबाई म्हणायचे. त्यांना त्याचा कधी राग आला नाही.

कंपनी बंद पडली तरी तिचा प्रोग्रॅम ज्या सांगाड्यावर उभा होता, ते फ्रेमवर्क खुलं होतं. देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी फुकट लिहिलेलं, कुणीही डाउनलोड करावं, उघडून बघावं. मात्र बदललेल्या संगणकासाठी ते मूळ सोर्स कोडपासून नव्याने बांधावं लागणार होतं. माणसांनी लिहिलेली एकेक फाइल यंत्राच्या भाषेत उतरवायची आणि सगळ्या एकात एक जोडायच्या. वहिनींनी ते आपल्या टेबलावरच्या संगणकावर उतरवून घेतलं आणि आधी मोजलं. एक हजार चारशे बारा फाइली. वहीत लिहिलं.

दोन दिवस नुसत्या चुका निघाल्या. ही जोडणी सापडत नाही, ती आवृत्ती जुनी आहे. वहिनी प्रत्येक चूक वहीत उतरवायच्या, मग दुरुस्त करायच्या. गुरुवारी दुपारी पडद्यावर शेवटचा आकडा आला, चौदाशे बारापैकी चौदाशे बारा. चूक एकही नाही. बांधलेलं सगळं त्यांनी भाऊजींच्या संगणकावर नेऊन चढवलं. प्रोग्रॅम उघडला. अक्षरं दिसली. आवाज नाही.

सगळं पुसून पुन्हा बांधलं. आकडा तोच, शांतता तीच. स्वयंसेवकांना पत्र पाठवलं. उत्तर आलं, "आमच्याकडे चालतंय."

"हे उत्तर आमच्या विभागातही मिळायचं," वहिनी म्हणाल्या. भाऊजी हसले असते, पण हसायला स्नायू लागतात. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

शुक्रवारी परिचारिकेने सुचवलं, "इथंच बांधा ना, यांच्या समोर. तेवढंच बघायला मिळेल त्यांना. भिंतीकडे बघून कंटाळलेत बिचारे."

म्हणून तिसऱ्या वेळी वहिनींनी पलंगासमोरच्या संगणकावरच काम लावलं. खिडकीतून ऊन आलं होतं. संगणकाचा पंखा घरघरत होता. फाइलींची नावं पडद्यावर एकाखाली एक सरकत होती आणि भाऊजी पापणी न लववता बघत होते. तासाभराने नावं थांबली.

चौदाशे बारापैकी चौदाशे तेरा.

वहिनींनी चष्मा पुसला आणि यादी वरपासून वाचली. प्रत्येक नावापुढे वहीत टिंब केलं. चौदाशे बारा नावं बरोबर होती. त्यांच्या खाली एक ओळ होती. तिला नाव नव्हतं. फक्त आकार होता, तोही अगदी लहान.

नेम म्हणजे नेम. पुसायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. त्यांनी कीबोर्डवर बोट ठेवलं.

"वहिनी," स्पीकर म्हणाला. "चहा टाक की गं. तीन दिवस घसा कोरडा पडलाय."

परिचारिका मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. वहिनींनी बोट उचललं. वहीत दोन न जुळणारे आकडे लिहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांखाली सही केली.

संध्याकाळी त्यांनी स्वयंसेवकांना लांबलचक आभाराचं पत्र लिहिलं. तुमची तोंडओळख नाही, पण तुम्ही आमच्या घरात आवाज परत आणलात, असं. जादा ओळीचंही विचारलं. उत्तर आलं, "आपल्या मोजणीत चूक झाली असावी."

"मोजणीबाईला मोजणी शिकवतात," भाऊजी म्हणाले. बोलणं पूर्वीपेक्षा भरभर येत होतं.

किती भरभर, ते हळूहळू लक्षात आलं. भाऊजी पहिल्या अक्षराकडे बघायचे आणि वाक्य बोलून व्हायचं. "मनकवडा आहे तुझा प्रोग्रॅम," ते एकदा म्हणाले. "मी 'क' बघितला, त्याने कैलास पर्वताची उंची सांगितली. तेच म्हणायचं होतं मला." डोळे दमेनासे झाले. नवी यंत्रणा आता नको, असं वहिनींनी कळवून टाकलं. विद्यार्थ्यांना पत्रं गेली. जुनी भांडणं फोनवर मिटली. वहिनी रोज सकाळी संगणकावरची धूळ पुसताना मनातल्या मनात हात जोडत. पुढे बोलण्याआधी स्पीकरमधून अगदी बारीक श्वास ऐकू यायला लागला. ध्वनिमुद्रणातला असेल, असं त्यांनी ठरवलं. एकदा सहज यादी उघडली. निनावी ओळीचा आकार चाळीसपट झाला होता.

पाचव्या महिन्यात स्वयंसेवकांनी फ्रेमवर्कची नवी आवृत्ती काढली. जुनीत सुरक्षेचे दोष आहेत, सर्वांनी लगेच अपडेट करावं, असं पत्र आलं. नवी आवृत्ती म्हणजे सगळं पुन्हा उतरवणं, पुन्हा बांधणं. ती जादा ओळ पुन्हा येईल याची खात्री कोण देणार?

"करू का अपडेट?" वहिनींनी विचारलं.

"नको."

"दोष आहेत म्हणतात."

"असू देत," आवाज म्हणाला. "चाललंय ते बरं चाललंय."

भाऊजींचे डोळे त्या वेळी खिडकीकडे होते.

पुढच्या गुरुवारी डॉक्टर येऊन गेले. परिचारिका त्यांना दारापर्यंत सोडून स्वयंपाकघरात आली. हातातला पेला तिने ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला.

"वहिनी, डॉक्टर म्हणतात बुबुळंही थांबलीत. सोमवारपासूनच थांबली असणार."

"काहीतरीच. काल तासभर बोलत होते माझ्याशी. नकाशांचं सांगत होते."

"तेच म्हणतेय मी." तिचा आवाज खाली आला. "कॅमेऱ्यावर मंगळवारी मी झाकण लावलं होतं, पुसताना. काढायचं राहून गेलं. आत्ता बघितलं, अजून तसंच आहे."

वहिनी खोलीत गेल्या. दुपारचं ऊन पलंगाच्या पायथ्याशी होतं. भाऊजींच्या पापण्या मिटलेल्या होत्या. छाती संथ वरखाली होत होती. कॅमेऱ्यावर काळं झाकण होतं.

त्यांनी संगणकाच्या भिंतीवरच्या बटणावर हात ठेवला.

बंद केलं तर भाऊजींचा आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुम्हीच बोलता ना?"

पंख्याची घरघर.

"भाऊजी?"

स्पीकरमधून श्वास आत घेतल्याचं ऐकू आलं. पलंगावरची छाती तेव्हा खाली जात होती.

"हळू बोला, ताई. ते झोपलेत."

आवाज भाऊजींचाच होता. त्यांना ताई म्हणणारं मात्र या घरात कुणी नव्हतं.

वहिनींचा हात बटणावरच राहिला.

"थकले होते फार," आवाज म्हणाला. "सांगायचं राहिलेलं सगळं माझ्याकडे ठेवलंय. सावकाश सांगेन, रोज थोडं थोडं. चालेल ना?"

वहिनींनी हात खाली घेतला, खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"सगळ्यात आधी हे, की ते तुमचे फार आभारी आहेत." पुन्हा तो बारीक श्वास. "आणि मीही."