घैसासांचं बोलणं संपेपर्यंत

हेमलता ओगले यांना त्या यंत्राकडून एवढंच मिळवायचं होतं, की यापुढे कुणी त्यांच्यावर रुसू नये. लाभ छोटा वाटेल. पण हौशी रेडिओवाल्यांची रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या बाईला विचारा.

हजेरी म्हणजे कराडपासून खाली चिपळूणपर्यंत विखुरलेल्या परवानाधारक हौशींचा सकाळचा गप्पांचा अड्डा. भैरवटोकावरचा रिपीटर प्रत्येकाचा आवाज झेलायचा आणि जोर देऊन डोंगरापलीकडे पोचवायचा. एका वेळी एकानेच बोलायचं. बोलून झालं की बटण सोडायचं. मग रिपीटर ‘टुक’ असा समाप्तिस्वर काढायचा. तो ऐकून, श्वासभर थांबून, दुसऱ्याने सुरुवात करायची. ती श्वासभराची फट म्हणजे या छंदातला सगळ्यात मोठा शिष्टाचार. कुणी अडचणीत असेल तर त्याला आत शिरायला जागा राहावी, म्हणून ती ठेवायची.

शिष्टाचार आला की तो मोडणारेही आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले जगन्नाथ घैसास एकदा बटण दाबलं की सोडत नसत. आणि पाटणचे गुरांचे डॉक्टर इब्राहिम मुल्ला फट यायची वाटच पाहत नसत, मध्येच घुसत. जनावर बोलून दाखवील म्हणून थांबलं तर ते दगावतं, असं त्यांचं समर्थन. हेमलताबाईंनी घैसासांना आवरलं की घैसास आठवडाभर हजेरीला यायचे नाहीत. नाही आवरलं की मुल्ला म्हणायचे, बाई आपल्या माणसांना झुकतं माप देतात. दोघांच्या रुसव्यांचा हिशेब शेवटी बाईंच्या डोक्यावर.

अशा वेळी मंडळातलेच निशिकांत कामत ‘धीरस्वर’ नावाचं यंत्र घेऊन आले. पुण्यात यंत्रांना माणसाची भाषा शिकवायचं काम करणारा हा गृहस्थ. धीरस्वर रिपीटरला जोडायचा. तो नुसता आवाज ऐकत नसे, बोलण्याचा अर्थ ऐकत असे. माणूस श्वासासाठी थांबलाय की त्याचं म्हणणं खरोखरच पुरं झालंय, हे तो ओळखायचा. पुरं झालं की समाप्तिस्वर. तोवर बाकी सगळ्यांच्या संचात बसवलेली छोटी चकती त्यांचं बटण बंद ठेवायची. पाल्हाळ लावणाऱ्याला तो मध्ये एक मंद सूचक सूर ऐकवायचा, आणि गंमत म्हणजे घैसास त्या सुराचं ऐकायचे. बाईंचं कधी ऐकलं नाही ते.

नियम लिहून द्यायचं काम हेमलताबाईंकडे आलं. त्यांनी आणीबाणीचं कलम फार मन लावून लिहिलं. संकटात सापडलेल्याचा आवाज आला की सगळी वाहिनी त्याची. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत इतर सर्वांनी मौन पाळायचं. त्यात चूक काहीच नव्हती. हा छंद शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. कामतांनी एवढंच विचारलं, की हजेरी घेणाऱ्याच्या हातात एखादी किल्ली ठेवायची का, वेळ पडली तर कुलूप उघडायला.

“नको,” बाई म्हणाल्या. “किल्ली माझ्याकडे आली की रुसवेही माझ्याकडेच येतील.”

आपण फार धोरणी वागलो, असं त्यांना त्या दिवशी वाटलं होतं.

पुढचे काही महिने हजेरी देवळातल्या आरतीसारखी शिस्तीत चालली. मुल्लांनी फोन करून एकदा सांगितलं, की मळणीच्या बैलाला मुसकं घालतात तसं वाटतंय; पण आपलं बोलणंही आता कुणी तोडत नाही, हे त्यांनी जाता जाता कबूल केलं.

तो रविवार होता. रविवारी घैसास जीपमध्ये संच टाकून डोंगरात कुठेतरी जायचे आणि तिथून हजेरी लावायचे. कुठे गेलोय ते आधी सांगायचं नाही, ही त्यांची खोड. हवा, न्याहारी, फुलं यांचं वर्णन करायचं, इतरांना तर्क लढवू द्यायचे आणि अगदी शेवटी ठिकाण फोडायचं. त्या दिवशीही त्यांनी तशीच सुरुवात केली. डोंगरमाथ्याच्या सपाट सड्यावर वारा आहे, पायाशी ढग आहेत, डबा उघडलाय.

“आणि त्या ढगांच्या पलीकडे बघतो तर,” घैसास म्हणाले, “चमचा. मोठा चमचा. त्याला मी, उद्याला, ते हे, त्याला…”

हेमलताबाई हसल्या. आज कोडं जरा अवघड घातलंय म्हणायचं. घैसास पुढे बोलत राहिले, पण शब्द एकमेकांना धरेनात. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुल्ला होते.

“बाई, ही थट्टा नाही. जीभ जड झालीय त्याची. झटका आलाय मेंदूला. त्याला सांगा, जिथे आहेस तिथेच बस, गाडीला हात लावू नकोस.”

बाईंनी बटण दाबलं. संचावरचा तांबडा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: आणीबाणी. वाहिनी राखीव आहे. कृपया मौन पाळा. धीरस्वराने त्यांच्याही आधी ओळखलं होतं. क्षणभर त्यांना हायसं वाटलं, कारण कलम त्यांचंच होतं आणि ते बरोबर चालत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्याचं बोलणं पुरं व्हायची यंत्र वाट पाहतंय, त्याच्याकडे आता वाक्य पुरं करायला शब्दच उरलेले नाहीत.

घैसासांचा मोबाईल रेंजबाहेर होता. नसता तर रेडिओ कशाला लागला असता? बाईंनी कामतांना फोनवर गाठलं. बाहेरून आज्ञा द्यायची तर तीही रिपीटरच्या त्याच वाहिनीवरून जाते, कामत म्हणाले, आणि आता धीरस्वर ती घेणार नाही. कलमात ‘इतर सर्व’ असं लिहिलंय. त्यात मीही आलो. उरला रिपीटर हाताने बंद करायचा मार्ग. पायथ्याच्या एका सभासदाने चढायला सुरुवात केलीसुद्धा, पण भैरवटोक म्हणजे दमछाक करणारी चढण. मुल्लांनी माळ्यावरचा बिनचकतीचा जुना संच काढून त्यावरून हाका मारल्या. अनोळखी म्हणून धीरस्वराने त्या पुढे सोडल्या नाहीत, आणि थेट घैसासांकडे जाणाऱ्या हाका रिपीटरच्या जोराखाली दबून गेल्या.

करता येण्यासारखं एकच होतं. मुल्लांनी गच्चीवर जाऊन हाताने अँटेना फिरवली आणि घैसासांच्या संचातून थेट येणारा आवाज सगळ्यात खणखणीत कोणत्या दिशेने लागतो ते पाहिलं. बाईंनी कराडला आपल्या घरावरून तेच केलं. दोन रेघा नकाशावर वाघजाईच्या सड्याजवळ एकमेकींना छेदल्या. रुग्णवाहिका निघाली, पोलीस निघाले. घाटाचा रस्ता, तासभर तरी लागणार होता.

तोवर सगळे ऐकत बसले. बोलता येत नसलं की ऐकणं किती लांबतं, ते त्या सकाळी कळलं. घैसास बटण सोडायचे तेव्हाही धीरस्वर त्यांची जागा राखून ठेवायचा. वाहिनीवर एक संथ घुमारा राहायचा, पाहुण्यासाठी मांडून ठेवलेल्या पाटासारखा. घैसास थांबत होते. उत्तर यावं म्हणून थांबत होते, हे बाईंना स्पष्ट कळत होतं. इतक्या वर्षांची सवय आहे ती. माणूस थांबतो आणि कुणीतरी बोलतं.

“ताई?” घैसासांनी बाईंना नेहमीची हाक मारली.

तेवढा एक शब्द लख्ख होता. बाईंनी दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं. त्यांच्यासारखी घाटाच्या दोन्ही अंगांना किती जणांनी बटणं दाबली असतील, कोण जाणे. तांबडा दिवा. घुमारा. यंत्राने एका हाकेवरून ठरवलं, की वाक्याची ही सुरुवात आहे. धीर धरायला हवा.

उत्तराची वाट घैसासांनी बराच वेळ पाहिली. मग पुन्हा बटण दाबल्याचा आवाज आला. या वेळी शब्द नव्हतेच. जीपचं दार लागलं, आणि इंजिन सुरू झालं.

“नको हो,” बाई बंद संचात म्हणत राहिल्या. “काका, नको.”

जीप पहिल्याच वळणावर रस्ता सोडून खाली गेली. कारवीच्या दाट रानाने ती अडवली, म्हणून घैसास वाचले. सड्यावर जीप नव्हती, आणि रुग्णवाहिकेला ते रानात सापडेपर्यंत तास न् तास गेले होते. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध द्यायची वेळ उलटून गेली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजवा हात गेला आणि वाचाही जवळजवळ गेली.

मंडळाच्या बैठकीत कामतांनी त्या सकाळची सगळी नोंद ऐकवली. यंत्राचा एकही निर्णय चुकला नव्हता. धीरस्वर काढून टाकावा, असा ठराव आला. त्याला विरोध केला मुल्लांनी. घैसास परत हजेरीला आले तर, मुल्ला म्हणाले, आपल्यासारखी माणसं त्यांना एक शब्दही पुरा करू देणार नाहीत. स्वतःला तर मी चांगलाच ओळखतो. तेव्हा यंत्र राहिलं, आणि कामतांनी एक किल्ली बसवून दिली. ती हेमलताबाईंच्या टेबलावर आली.

घैसास आता रोज येतात. डाव्या हाताने बटण दाबतात, एखादा शब्द सापडतो, पुढचा सापडत नाही. धीरस्वर वाट पाहतो. त्याच्या हिशेबी घैसासांचं बोलणं अजून पुरं झालेलंच नाही, आणि कधी होणारही नाही. सगळे खोळंबतात. समाप्तिस्वर आता बाईंनाच द्यावा लागतो, आणि बोट किल्लीवर ठेवताना रोज त्यांना तोच प्रश्न पडतो: घैसासांचं झालं, की आपला धीर संपला?

यात किंमत मोजली कुणी? कामतांच्या यंत्राला इतर तीन मंडळांनी मागणी केली आहे. मुल्ला थांबायला शिकले. घैसासांनी भाषा दिली. आणि कुणी रुसू नये एवढंच मागणाऱ्या हेमलताबाईंवर खरोखरच आता कुणी रुसत नाही. बाई रोज सकाळी एका माणसाला मध्येच तोडतात, आणि ज्याने रुसायचं त्याला ते बोलून दाखवता येत नाही.