दहा वेळा चुकलेला पिन

टिक्. टिक्-टिक्.

दुपारी घर इतकं शांत होतं की तो बारीक आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. पोरगी एवढा वेळ गप्प? पिठाच्या हातांनीच धावले. माझी चार वर्षांची अपेक्षा पलंगाखाली पालथी पडून पेनड्राइव्हची बटनं दाबत होती.

“फोन लावून राह्यली, आई.”

लाल दिवा लुकलुकला... आणि विझला.

महिला समुपदेशन केंद्राची ती अंगठ्याएवढी डबी. पिन दाबल्याशिवाय उघडत नाही, आणि दहा वेळा चुकला की आतलं सगळं आपोआप पुसून टाकते. आत रुपीबाईचा जबाब होता, नवऱ्याविरुद्धचा. उद्या त्याची प्रत निघायची होती, परवा वकीलबाई येणार होत्या. डबी घरी न्यायची नाही, हा पहिलाच नियम. पण पोर सांभाळून टायपिंग करायचं तर ती झोपते तेवढ्यातच...

केंद्राचे कॉम्प्युटर बघणारा राजकुमार अर्ध्या तासात दारात हजर. सगळं दिग्रस त्याला भाऊ म्हणतं. माझ्याच तोंडून काही तेवढं निघत नाही.

त्यानं डबी लावून पाहिली.

“कोरी झाली. मॅडम, घरी आणलीच काहून?”

“अन् तुमची ही शहाणी डबी! लेकरू कोण, चोर कोण, एवढं समजत नाही तिले?”

“नाही समजत. म्हणूनच तर घेतली.”

“यापेक्षा वही बरी होती!”

बोलले आणि जीभ चावली. दोन वर्षांपूर्वी केंद्रातली वही कोणीतरी पळवली होती. तिची पानं गावभर फोनवर फिरली. त्यांत माझीही होती — माझ्या घटस्फोटाची. पानटपरीवर ती मोठ्यानं वाचली गेली होती.

राजकुमारनं नुसतं डबीचं टोपण लावलं. मला त्याचाही राग आला. असा गप्प राहणारा माणूस भांडायला किती गैरसोयीचा!

त्यानं रुमालानं गाडीची सीट पुसली. “बसा. रुपीबाईच्या तांड्यावर जाऊ. तिलेच विचारू.”

त्याच्या-माझ्यामध्ये अपेक्षा बसली. गाडी निघाली.

डबी कोरी झाल्याचं रुपीबाईनं ऐकलं मात्र, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत डबी आणणाऱ्या त्याच्यावरच कडाडली. तो मान खाली घालून म्हणाला, “चूक माझी हाय, याडी, माय. डबी मी बिघडवली.”

माझं डोकंच फिरलं.

“काहून खोटं बोलता? चूक माझी हाय. रुपीबाई, डबी मी घरी नेली अन् या पोरीनं बटनं दाबली.”

“या चिमणीनं?” रुपीबाईनं अपेक्षाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “एकदा सांगताना जीव गेलता माह्या. आता पुन्हा तेच?”

“पुन्हा नसल सांगायचं तर नका सांगू. मी वकीलबाईंना माझी चूक सांगीन.”

तिनं ओढणीच्या आरशांवरून बोट फिरवलं. “घे लिहून,” ती म्हणाली. “यावेळी सगळंच सांगीन.”

मी लिहायला बसले. राजकुमार न सांगता उठला, अपेक्षाला खांद्यावर घेतलं आणि पार लांब, शेळ्यांपाशी जाऊन उभा राहिला.

परतताना तुरीच्या शेताजवळ त्यानं गाडी थांबवली. अपेक्षाची चप्पल पडली होती. तो ती पोरीच्या पायात घालत असताना मी विचारलं, अजून रागातच, “एवढं दूर कायले गेलता?”

“तिचं बोलणं माह्यासाठी नव्हतं.”

“अन् माझं? त्या वहीतली माझी पानं... तुमच्याही फोनवर आली असतील.”

“आलती.”

माझे कान तापले. “मग?”

“न वाचता पुसली.” चपलेचा पट्टा लागत नव्हता, तो तिथेच खटपट करत राहिला. “दोन वर्षं झाली, दिपाली. मले वाटे... तुम्ही स्वतः सांगसान तवा ऐकीन. नाही सांगितलं तरी येत जाईन. येऊ?”

पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली होती. माझा राग कुठे ठेवू, कळेना.

“या,” मी म्हटलं. जरा जास्तच जोरात.

अपेक्षानं माझा पदर ओढला.

“आई, काकाले काय सांगायचं राह्यलं तुह्यं?”