गप्प होणारं चाक

काकूंनी ते चाक आमच्याकडे आणलं तेव्हा ते एका जुन्या दुलईत गुंडाळलेलं होतं. टॅक्सीतून उतरताना त्यांनी ते पोटाशी धरलं होतं. मी धावत जाऊन हातात घेतलं, तर म्हणाल्या, "सांभाळून हं, दुखावलेलं आहे." मला हसू आलं. दुलईला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

आमच्या वर्कशॉपात फक्त चाकांचं काम होतं. उस्ताद आणि मी, एवढीच माणसं. धातूंचं शिक्षण घेऊन मी तीन वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा माझ्या वर्गातली मुलं काचेच्या ऑफिसांत रुजू होत होती आणि आईने आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. पण मला वस्तू फेकून देणाऱ्या माणसांचा मनापासून राग येतो. जरा काही मोडलं की टाका आणि नवं आणा, ही सवय कुणीतरी मोडायला हवी, आणि ती मी मोडणार, अशी माझी समजूत होती. उस्ताद मला 'इंजिनीयर' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला कधी कळलं नाही.

दुलई सोडली. चाळीस वर्षांपूर्वीच्या, जमिनीला टेकलेल्या दोन सीटच्या गाडीचं ॲल्युमिनियमचं चाक. पाच आरे, मधला गाभा, बाहेरची कड. एका आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी काळी रेघ होती. काकूंच्या लेकीला ती गाडी धुताना दिसली होती, आणि घासून घासूनही निघाली नव्हती.

मग काकूंनी सगळं सांगितलं. गाडी त्यांच्या नवऱ्याची. भंगारातून आणून सहा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली होती. दीड वर्षापूर्वी ते छातीच्या आजाराने गेले. आता घरात काकू आणि लेक, दोघीच. काकूंची नजर कडेकडेने मिटत चालली होती. वर्षभरात सगळंच मिटेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. त्याआधी त्यांना एकदा त्या गाडीतून, आपल्या नेहमीच्या सीटवर बसून, घाट चढून वर जायचं होतं. वरून सगळी दरी दिसते म्हणे. दिवस ठरला होता, पुढचा रविवार. लेक गाडी चालवणार होती.

"होईल ना ग नीट?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणून बसले. न तपासता.

उस्ताद तेव्हा आठवडाभर बहिणीकडे गेले होते. त्यांना फोन केला. त्यांचा नियम मला पाठ होता: कडेला गेलेली भेग शिवायची, आऱ्याला किंवा गाभ्याला गेली असेल तर चाक कापायचं. आणि कापायचं तेही त्याच दिवशी, म्हणजे कुणाचं मन फिरायला नको. मी त्यांना सांगितलं की हा नियम जुन्या काळातला आहे, आता भेगेचा शेवट नेमका सापडतो, तिथे भोक पाडून ती थांबवता येते, आर्गन वायूच्या वेल्डिंगने भरता येते, पुन्हा तपासता येते.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "इंजिनीयर, तू दिसते ती भेग भरशील. पण एवढी वर्षं खड्डे खाऊन थकलेला शेजारचा धातू, तो कसा भरशील?" आणि पुढे म्हणाले की एका साध्या गाडीची काळी पोलादी चाकं मागच्या खोलीत पडलीत, त्यांची भोकं जुळतील, ती चार लावून दे.

मी लेकीला तसं विचारलंही. ती म्हणाली, सुटाबुटावर स्लिपर घातल्यासारखं दिसेल. आम्ही दोघी हसलो. मी ठरवलं की चाक वाचवायचं.

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. रंग खरवडला, भेग उकरून काढली, चाक हळूहळू तापवलं, एकेक थेंब धातू भरत गेले, आणि राखेच्या पिंपात पुरून रात्रभर सावकाश निवू दिलं. सकाळी घासून सारखं केलं. मग लाल रंगाची चाचणी. आधी पातळ लाल रंग लावायचा, तो भेगेत झिरपतो. मग वरचा पुसून पांढरी भुकटी फवारायची. भेग उरली असेल तर पांढऱ्यातून लाल रेघ वर येते. मी अर्धा तास श्वास रोखून बघत बसले. पांढरं ते पांढरंच राहिलं. फिरवून पाहिलं, चाकात डगमग नव्हती. माझं काम देखणं झालं होतं, हे आजही सांगते.

राहिली होती फक्त उस्तादांची जुनी परीक्षा. चाक दोरीने आकड्याला टांगायचं, लाकडी हातोडीने टकटकवायचं आणि ऐकायचं. धड चाक घंटेसारखं वाजतं. फुटकं असेल तर बद्द वाजतं. मला ती गंमतच वाटायची, पण त्यांच्या वहीत ती नोंद केल्याशिवाय चाक बाहेर जात नसे.

त्या दिवशी आमच्या गल्लीची सुट्टी होती. दुपारचे चार वाजले असतील. थंडीचे दिवस, ऊन जाळीतून येऊन जमिनीवर फिकट पडलेलं. ऐकायचं म्हणून मी पंखा आणि कॉम्प्रेसर बंद केला. सगळी शटरं ओढलेली, त्यामुळे एवढी शांतता झाली की नळाचा एक थेंब टिनात पडलेला कळला. बाकावरच्या दुलईचा तो डांबरगोळ्यांचा वास अजून येत होता.

मी चाक टांगलं आणि वाजवलं.

नितळ आवाज निघाला. बद्दपणाचा मागमूस नाही. मी मनात मोजायला लागले. असं चाक दहा-अकरा आकड्यांपर्यंत वाजत राहतं आणि मग विरत जातं. हे तीनला थांबलं. विरलं नाही, एकदम गप्प झालं, वाजत्या भांड्यावर कुणी तळहात ठेवावा तसं.

मी दोरी तपासली. आकडा तपासला. चाक कुठे टेकत नव्हतं. पुन्हा वाजवलं. एक, दोन, तीन... गप्प.

मी ते उतरवून त्याच दोरीला दुसऱ्या गिऱ्हाइकाचं चाक टांगलं. ते सावकाश अकरापर्यंत गेलं. ते काढून काकूंचं परत टांगलं. तीन. दुसऱ्या बाजूने वाजवलं. तीन. जोरात हाणलं. जोरातला आवाजही तिसऱ्याच आकड्याला मिटला. दरवेळी दोरीचा पीळ सुटायचा आणि चाक हळूहळू फिरत येऊन थांबायचं. थांबायचं तेव्हा मी भरलेला आरा बरोबर माझ्या तोंडासमोर असायचा.

मी स्वतःला समजावलं की धातूत कुठेतरी ताण राहिला असेल, त्याने कंप जिरतो. कारण ठीक होतं. पण कंप जिरला तर आवाज हळूहळू जातो, असा मिटत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि ते मी विसरले नव्हते.

"कोण आहे..." मी म्हटलं. अगदी हळू, कारण कुणी ऐकावं अशी माझी इच्छा नव्हती.

तेवढ्यात मागे शटर वाजलं. हातोडी माझ्या हातातून पडली.

काकू होत्या. चाक न्यायला आल्या होत्या, लेक गल्लीच्या तोंडाशी टॅक्सीचे पैसे देत होती. दाराच्या उजेडातून आत येताना त्या हाताने बाक, पिंप, खांब असं चाचपत आल्या. मी माझी भीती गिळून टाकली आणि भराभरा सांगत सुटले, सगळ्या चाचण्यांत चाक पास आहे, हे बघा, ते बघा. त्यांना डोळ्यांनी ते नीट दिसत नाही हे लक्षात आल्यावर म्हटलं, ऐका तरी. आणि वाजवलं.

तीनला चाक गप्प झालं.

काकूंनी खांबावरचा हात काढला. म्हणाल्या, "परत वाजव."

मी वाजवलं. त्यांनी मान किंचित कलती केली. दार उघडताना आपल्या माणसाची पावलं ओळखायला करतात, तशी.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्यांचे यजमान पाणीपुरवठ्याच्या खात्यात होते, कायम पहिली पाळी. पहाटे चारला उठून अंधारातच स्वतःचा चहा करून घ्यायचे, बायकोची झोप मोडू नये म्हणून दिवाही लावत नसत. अंधारात हटकून काहीतरी पडायचं. झाकण, ताटली, पेला. ते फरशीवर वाजायला लागलं की दोन क्षणांत त्यावर त्यांचा हात पडायचा. तीस वर्षं काकूंनी पहाट अशीच ऐकली होती. त्या कधी सांगायच्या नाहीत की आपण जाग्या आहोत. सांगितलं असतं तर त्यांनी चहाच सोडला असता.

"घाबरू नकोस, पोरी," त्या म्हणाल्या. "तो काही घाबरवणाऱ्यातला नव्हता."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हटलं, "काकू, असं काही नसतं. चाक चांगलं आहे. मी तपासलंय."

"बरं. मग मला एक सांग. घाट उतरताना या चाकावर तू बसशील गाडीत?"

"बसेन."

"आणि मला बसवशील?"

मी हातोडी बाकावर ठेवली. वेल्डिंगचा प्रत्येक आकडा मला पाठ होता, पण हा प्रश्न आकड्यांचा नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "मी बसेन... पण तुम्हाला नाही बसवणार."

काकूंनी मान डोलावली. चाकाजवळ गेल्या, दोन्ही हातांनी ते चाचपलं, भरलेल्या आऱ्यावरून बोट फिरवलं. "किती सुबक केलंयस ग," म्हणाल्या, आणि मागे सरकून उभ्या राहिल्या.

मी त्याच दिवशी कापलं. लेक आत आली तेव्हा करवत चालू होती. ती ओरडलीच माझ्यावर, आणि मी तिच्याशी भांडत बसले नाही. पाचही आरे एकेक करून कापले. भरलेला आरा आत एकदम चांगला निघाला. त्याच्या शेजारचा आरा उघडला, तर त्याच्या पोटात काळी चीर होती, कोळशाने ओढल्यासारखी, अंगठ्याच्या पेराएवढी. बाहेर पोचायला तिला कागदाएवढी जागा उरली होती. माझा लाल रंग तिच्यापर्यंत जाऊच शकला नसता. घाटात एखाद्या वळणावर ती बाहेर आली असती.

लेक खाली बसली. काकूंना दिसलं नव्हतं, म्हणून मी त्यांचं बोट धरून त्या चिरेवर ठेवलं. तो तुकडा न्यायचा का, विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे. त्याला कामाच्या जागी बरं वाटायचं."

रविवारी गाडी काळ्या पोलादी चाकांवर घाट चढली. मी स्वतः लावून दिली होती, प्रत्येक नट तीनदा आवळून. लेकीने नंतर सांगितलं की दिसायला ती खरंच स्लिपर घातल्यासारखी दिसत होती, आणि आई वर तासभर बसून दिसेल त्या गोष्टीचं नाव घेत होती. पूल. लाल छप्पर. धूर. दोन गायी. परत येताना आई गाडीत झोपून गेली.

उस्ताद परतले. त्यांनी तुकडा हातात घेतला, चीर पाहिली, मला शब्दानेही टोचलं नाही. फक्त तुकडा खाली ठेवला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उन्हात ठेवला होतास का?"

नव्हता ठेवला. तो खिडकीखालच्या फळीवर होता, जिथे ऊन कधीच येत नाही.

माझा विश्वास मोजण्यावर आहे, म्हणून मी त्याचं तापमान मोजलं. रोज सकाळी शटर उघडल्यावर, दिवा लावण्याच्याही आधी. ॲल्युमिनियम खोलीपेक्षा गरम राहूच शकत नाही, चटकन निवतं. हा तुकडा रोज खोलीपेक्षा नऊ-दहा अंशांनी जास्त. हातात धरला की झोपेतून उठलेल्या माणसाच्या गालासारखा कोमट. चार महिने मी नोंद ठेवली, एकही दिवस चुकला नाही. सुरुवातीला भीती वाटायची. मग सवय झाली. पुढेपुढे तर सकाळी आले की आधी त्याच्यावर हात ठेवायचे.

आज सकाळी तो गार होता.

दोनदा मोजलं. खोलीएवढाच. का कोण जाणे, मी काकूंना फोन लावला. लेकीने उचलला. म्हणाली, आईला गेल्या आठवड्यापासून काहीच दिसत नाही, पण बरी आहे, एरवी सहाला उठते, आज अजून उठली नाही. "थांब, बघते."

ती फोन हातात घेऊनच गेली असावी. मला तिची पावलं ऐकू आली. दार कुरकुरलं. मग बराच वेळ काही नाही... आणि मग आतून हळूहळू बोलणं ऐकू यायला लागलं. शब्द कळत नव्हते. काकू काहीतरी सांगत होत्या, मध्येच हसल्या, आणि कुणीतरी पुरुषाच्या आवाजात उत्तर दिलं.

लेक दारातच थबकली असावी. तिचा श्वास मला फोनमधून ऐकू येत होता, आणि आतलं बोलणं चालूच होतं.