पुसलेली शीग
रोहिणी गेली त्या दिवशी सुहास मगदूम रडला नव्हता. तिचा हात मागे उरला आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. तो हातही गेल्याचं त्याला पुढे दिवाळीच्या तालमीत कळलं.

त्या काळी वादक मेला तरी त्याचं वाजवणं मरत नसे. पूर्वी गिटारवाल्यांकडे निरनिराळ्या अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल करणारी पेटी असे. पुढे तीच पेटी माणूस शिकू लागली. तार किती जोरानं छेडतो, कुठे रेंगाळतो, हे ती वादकाकडून ऐकून घेई आणि मग कुठलंही नवं गाणं त्याच्याच हातानं वाजवी. याला हातछाप म्हणत. इचलकरंजीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणाऱ्या रोहिणीची आता हातछाप वाजत होती, आणि ड्रमवर सुहास होताच.

शेवटच्या कडव्याआधी रोहिणी तारांवर एक सणसणीत फटका मारायची. तालमीत तो आला. जोरात आला, स्वच्छ आला, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आला. सुहासने पेटीची वायर उपटली आणि पुण्याची गाडी धरली.

हातछाप घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या डॉ. अन्विता बर्वेंनी पेटी तपासली.

"काका, छाप घेताना इनपुटची पातळी चुकलीय. पेटीत शिरणाऱ्या आवाजाला कमाल मर्यादा असते. पातळी फार कमी ठेवली तर हळू स्वर खरखरीत बुडतात. फार वाढवली तर जोराचे स्वर मर्यादेला आपटतात, त्यांची टोकं सपाट होतात. म्हणून आधी वादकाला सगळ्यात जोरात वाजवायला लावायचं आणि वर थोडी जागा सोडायची."

"मापट्याच्या काठावर आलेली धान्याची शीग हातानं पुसतात तसं झालं म्हणायचं."

"हो. पण ती शीग पोत्यात परत पडते. ही कुठेच राहत नाही."

"मग तिला जोरात वाजवायला का नाही लावलं?"

"बायकांसाठी एक ठरलेली पातळी होती तेव्हा. चढी. बायका हळू वाजवतात, अशी सरासरी निघाली होती."

"ती यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत शिकली, मॅडम. हळू वाजवलं तर तिचं तिलाच ऐकू यायचं नाही. तुमच्या सरासरीला आमचं गाव दाखवलं होतं का कुणी?"

अन्विताने पेटीचं झाकण लावलं.

"आता वाजतो तो फटका कुणाचा?"

"टोकं कापल्यानं राहिलेली रिकामी जागा पेटी स्वतः भरते. इतर हजारो वादकांवरून."

"हजारो बाप्यांवरून."

"बहुतेक." तिने मान खाली घातली. "आणि पेटी स्वतःच्या वाजवण्यातूनही शिकते. तो फटका तिला रोहिणीताईंचाच वाटतो. जितकी वाजवाल, तितके बाकीचे स्वरही त्या फटक्याला जुळवून घेईल. ऐकणाऱ्यांना फरक कळत नाही, काका."

"मला कळला."

"तुम्ही आहात तोवर."

सुहासने मूठ टेबलावर आपटली. "पुसून टाका ते."

"फटका वेगळा काढता येत नाही. सगळंच जाईल. हळू स्वर अजून बरेचसे त्यांचेच आहेत."

तो पेटी काखेत मारून उठला. "बाईमाणूस म्हणून तिला बोलणारे गावात काय कमी होते? पण तिचा हात कुणी छाटला नव्हता. ते शिकल्यासवरल्या माणसांनी केलं."

दिवाळीच्या कार्यक्रमात पेटी वाजली. फटक्याला शिट्ट्या पडल्या. सुहासने ड्रमवर असा घाव घातला की कातडं फाटलं. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

त्यानंतर बरेच कार्यक्रम झाले. हळू स्वरांपायी पेटी पुसायची राहूनच गेली.